खिंडीतली दहा पावलं

आमच्या पांढुर्ण्यात पायी चालणाऱ्या माणसाला एक तर डॉक्टरनं सांगितलेलं असतं, नाही तर त्याची गाडी बंद पडलेली असते. तिसरं कारण लोकांना पटतच नाही. मागच्या उन्हाळ्याआधी तीन महिने मी आणि आमचे हे पाठीवर बॅगा लादून रोज सकाळी तिगावच्या रस्त्यानं शेतापर्यंत चालत जायचो, तर दर दहा मिनिटांनी कोणी ना कोणी मोटरसायकल थांबवायचं. "काय झालं भाऊ, पंक्चर?" यांनी चार दिवसांत उत्तर देणंच सोडलं. मग मीच सांगायचे, "मे महिन्यात हिमालयात जाऊन राहिलो, पायी." त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला, "नवस बोलला होता काय, बाई?"

नवस कसला बोलते मी! सौंसरच्या शाळेत मी शिकवते आणि माहेरही माझं सौंसरचंच. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आणि या सत्तावीस वर्षांत मी पांढुर्णा-सौंसर आणि सौंसर-पांढुर्णा एवढंच केलं, तेही बसच्या खिडकीतून. मुलीचं लग्न झालं, घर रिकामं झालं, आणि एक दिवस फोनवर कुणीतरी चालताना काढलेला व्हिडिओ पाहिला. एका खोऱ्यातून निघून दुसऱ्या खोऱ्यात उतरणारी बावीस दिवसांची वाट. मध्ये गावं, जंगलं, आणि शेवटी बर्फातली एक खिंड. मी ठरवून टाकलं. ही वाट पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत चालायची, मध्ये कुठे जीपमध्ये बसायचं नाही.

यांना तयार करणं सोपं नव्हतं. आमच्या घरात मी काही म्हटलं की यांचं पहिलं उत्तर "नाही" असतं. चहा करू का विचारलं तरी "नाही", आणि मग दोन मिनिटांनी "कर थोडासा". पण मे महिना माझ्या बाजूनं होता. शाळेला सुट्टी, आणि आमच्या संत्र्याच्या बागेला ताण. मृगाचा बहार धरायचा तर उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडावं लागतं, पानं मलूल होईपर्यंत बागेकडे फिरकायचंसुद्धा नाही. संत्रेवाल्याला वर्षातून तेवढेच दिवस रिकामे. "बागेत बसून झाडं वाळताना पाहण्यापेक्षा चला न," मी म्हटलं. आठ दिवस "नाही" ऐकलं आणि नवव्या दिवशी हे बाजारातून स्वतःसाठी बूट घेऊन आले.

भांडण झालं ते कपड्यांवरून. खिंडीपुरता जो वाटाड्या आमच्यासोबत येणार होता त्यानं सामानाची यादी पाठवली होती. तिच्यात सगळ्यात वर लिहिलेलं, सुती काही आणू नका, भिजलं की वाळत नाही. हे असे भडकले की विचारू नका! "कापूस पिकवणाऱ्याले सांगून राहिले का सुती घालू नका? आम्ही काय मग प्लास्टिक घालावं?" यांनी घरची रुई काढली, गादीवाल्याला दिली आणि एक जाडजूड बंडी शिवून आणली. आतून बाहेरून कापूस. ती घालून आरशापुढे उभे राहिले, बाहेर बेचाळीस डिग्री ऊन, आणि घामानं निथळत मला म्हणतात, "पाह्य, कशी गरम आहे!"

मी दोन दिवस वाद घातला आणि मग कंटाळून सोडून दिलं. माणूस येऊन राहिला हेच खूप, म्हटलं, घालू दे काय घालायचं ते. ही माझी चूक. यांची तर होतीच, पण यादी मी वाचली होती आणि मी शिक्षिका आहे.

पहिले अठरा दिवस सोन्यासारखे गेले. पाय सुजले, नखं काळी पडली, एकदा हे घसरून ओढ्यात बसले, पण रोज संध्याकाळी कुणाच्या तरी घरी चुलीजवळ बसून गरम भात खाताना मला वाटायचं, बाई, तू हे आधीच का नाही केलंस? यांनी प्रत्येक गावात माणसं धरून त्यांच्या सफरचंदाच्या झाडांची चौकशी केली आणि प्रत्येकाला संत्र्याचं झाड कसं श्रेष्ठ ते सांगितलं. बंडी बॅगेतच होती. ती एकोणिसाव्या दिवशी निघाली.

त्या दिवशी आम्ही पहाटेच खिंडीकडे निघालो. वाटाड्या तिथलाच, चाळिशीचा, फार न बोलणारा माणूस. त्यानं बंडीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "भाईसाब, ये मत पहनो." झालं! यांचं उत्तर तुम्हाला माहीतच आहे. वर रेनकोट चढवला आणि चालू लागले. चढ उभा होता, बर्फ गुडघ्यापर्यंत, आणि रेनकोटाच्या आत ती गादी. तीन तासांत हे घामानं आतून चिंब भिजले. मला ते दिसलं नाही, कारण भिजलेलं सगळं आत होतं.

खिंडीच्या तोंडाशी पोचलो आणि वारा सुरू झाला. आमच्याकडे वारा म्हणजे वैशाखातली वावटळ, डोळ्यांत धूळ जाते आणि दोन मिनिटांत निघून जाते. हा वारा जातच नव्हता. अंगाला रेलून उभा होता. बर्फाचा चुरा तोंडावर रेतीसारखा लागत होता, एकमेकांचं बोलणं कानाशी तोंड नेल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. वाटाड्या आमच्या दोघांच्याही बॅगा घेऊन पुढे गेला, उतारावर पाय ठेवायला खाचा करायला. मी यांना म्हटलं, "पाणी पिता?"

"हो," हे म्हणाले.

बाटली हातात दिली, ती तशीच धरून राहिले. म्हटलं, "टोपी खाली ओढा न कानावर." "हो." ओढली नाही. मघापर्यंत दात वाजत होते, ते थांबले होते. चेहरा शांत, गोड, असा की लग्नाच्या फोटोतसुद्धा इतका गोड नव्हता. मला सुरुवातीला बरं वाटलं, खरं सांगते. म्हटलं, चला, डोंगरावर तरी हा माणूस हो म्हणतो.

मग दिसलं, बाटली अजून न उघडता तशीच हातात होती. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि जे सुचलं ते ओरडून विचारलं, "अहो, यंदा संत्र्याची सगळी झाडं उपटून टाकू, मोसंबी लावू! चालते?"

"हो," हे म्हणाले. "लाव."

ज्या माणसानं संत्र्याच्या एका फांदीसाठी सख्ख्या भावाशी दोन वर्षं बोलणं टाकलं होतं, तो म्हणतो, लाव! हे माझे हे नव्हतेच. मी जीव खाऊन वाटाड्याला हाका मारल्या, त्या वाऱ्यात विरून गेल्या. मी हात हलवत राहिले, तेव्हा कुठे त्यानं वळून पाहिलं आणि धावत वर आला. यांच्या रेनकोटाची चेन उघडून आत हात घातला आणि कपाळावर हात मारून घेतला. दोघांनी मिळून ती बंडी उतरवली. पिळली असती तर बादली भरली असती. हे विरोधसुद्धा करेनात, लहान पोरासारखे हात वर करून उभे. माझ्या अंगातला, शाळेत घालायचा मरून रंगाचा स्वेटर मी त्यांना चढवला, वर वाटाड्याचं जाकीट. "दीदी, बैठने मत देना," तो म्हणाला. "नीचे एक घंटे पर झोपड़ी है. मैं रास्ता बनाता हूँ. बैठने मत देना बस."

आणि हे बसले. शंभर पावलंही उतरलो नव्हतो, तोच अंगणात बसावं तसे बर्फात मांडी घालून बसले. मी बखोटीला धरून ओढलं, हलेनात. शिव्या दिल्या, मुलीचं नाव घेतलं, रडले. माझीही बोटं बधिर झाली होती, पाय माझे राहिले नव्हते. हे वर पाहून हसले आणि म्हणाले, "तू हो पुढं. मी येतोच."

आता जे सांगते ते नीट ऐका. मी गेले.

वाटाड्याला बोलवायला गेले असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं असतं तर कोणी शंका घेतली नसती. पण मी त्याला बोलवायला गेले नव्हते. मला थंडी वाजत होती, मला राग आला होता, आणि कुणीतरी मला जा म्हटलं होतं. मी वळले आणि खाली चालू लागले. वारा पाठीत होता, चालणं एकदम सोपं झालं. एक, दोन, तीन. दहा पावलं मी मोजली, कारण इतकं सोपं चालणं त्या दिवशी पहिल्यांदाच होत होतं. अकरावं पाऊल उचललं आणि मला कळलं मी काय करून राहिले आहे.

परत चढताना ती दहा पावलं मी हातापायांवर चढले. वर गेले आणि यांच्या मुस्काटात एक ठेवून दिली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. हे दचकून उभेच राहिले! तेवढ्यात वाटाड्याही आला. त्यानं दोर काढला, यांना आपल्या कमरेला बांधलं, मी मागून ढकलत राहिले, आणि तो एक तास आम्ही कसा उतरलो ते मला आज सलग आठवतही नाही.

झोपडी दगडांची होती, मेंढपाळांची, अर्धं छप्पर गेलेलं, पण वारा आत येत नव्हता. यांना कोरडं करून झोपायच्या पिशवीत घातलं, काखेत गरम पाण्याच्या बाटल्या दिल्या, साखर घालून गरम पाणी घोट घोट पाजलं. वाटाड्या म्हणाला, "काँपने लगें तो समझो बच गए." मी पिशवीला चिकटून बसले आणि माझा नवरा कधी थरथरतो याची वाट पाहत राहिले. किती वेळ गेला देव जाणे. मग पिशवीच्या आतून आधी हलकी आणि मग अशी जोराची थरथर सुरू झाली की मीही तिच्यासोबत हलायला लागले. वाटाड्या पहिल्यांदा हसला. मी वाकून विचारलं, "अहो, मोसंबी लावायची न आपल्याला?"

डोळे उघडले. दात वाजत होते तरी शब्द स्पष्ट होते. "डोकं फिरलं का तुह्यं?"

बाप्पा रे! इतकं गोड कोणी माझ्याशी आयुष्यात बोललं नाही. मी हसत होते, रडत होते, वाटाड्याला काही कळेना. तिथंच आम्ही मुक्काम केला, आणि उरलेली वाट तीन दिवसांत नीट उतरून शेवटच्या गावात पोचलो. खोऱ्यात खाली गवत होतं, ऊन होतं, आणि हे पुढे चालत प्रत्येक गोष्टीला "नाही" म्हणत होते. मी मागून चालत ऐकत होते आणि मला आणखी काहीही नको होतं.

घरी आलो. पहिल्या रविवारी माझ्या माहेरी सौंसरला जेवायला बोलावलं. ताटावर यांनी सगळी गोष्ट सांगितली, बंडीचीसुद्धा, आपलीच थट्टा करून. माझी आई, भाऊ, भावजय, सगळे हसून हसून बेजार. आणि मग हे एकदम गंभीर झाले. "हिच्यामुळं वाचलो मी. एक पाऊल सोडून गेली नाही मले." आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ताटाकडेच पाहत राहिले. भावजय म्हणाली, "ताई, तुम्ही तं सावित्री निघाल्या." मी उठून पाणी आणायला गेले.

दुपारी आम्ही मोटरसायकलवर पांढुर्ण्याकडे निघालो. दोन्हीकडे संत्र्याच्या बागा, रस्ता मोकळा. मी मागे बसले होते, समोर यांची पाठ. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच जमलं मला.

"मी गेली होती," मी म्हटलं. "वर. तुम्ही बसले तेव्हा. तुम्हाले सोडून गेली होती मी. दहा पावलं."

यांनी थोडं पुढे जाऊन गाडी बाजूला घेतली, बंद केली. उतरले नाहीत, मागेही पाहिलं नाही.

"मले माहीत आहे," हे म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"दिसून राहिली होती न तू जाताना. बाकी काही आठवत नाही त्या दिवसाचं, तेवढं आठवते. तुही पाठ. मले वाटलं, चला, ही तं पोहोचते घरी. जीव भांड्यात पडला होता माह्या. मंग तू वापस आली, तं लय भेव वाटलं मले."

इतके दिवस मी ते मनात घेऊन फिरत होते, झोपेतसुद्धा पावलं मोजत होते. आणि हा माणूस त्याच दहा पावलांवर सुटकेचा श्वास सोडून बसला होता, वर माहेरी सगळ्यांसमोर ती झाकूनही आला होता! मी त्यांच्या पाठीवर डोकं टेकलं आणि भर दुपारी, भर रस्त्यात हमसून हमसून रडले, आणि हे गाडीचं हँडल धरून तसेच बसून राहिले, माझं रडून होईपर्यंत.