जपानला माझं नाव लागलं!

चहा आधी पिऊन घ्या. नंतर हसताना ठसका लागला तर मला बोल लावू नका. माणसाची फजिती होते ती चार भिंतींत होते, दोन दिवसांत विसरली जाते. माझी फजिती सबंध गावानं हार घालून, टाळ्या वाजवून साजरी केली, आणि मी मधोमध उभा राहून नमस्कार करत होतो!

सत्तर सालाच्या जरा पुढची गोष्ट. राहुरीजवळच्या एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपात मी फोरमन होतो. हाताखाली दहा-बारा फिटर. लोखंड काय बोलतं ते मला बरोबर कळायचं; इंग्रजीशी मात्र आपला लांबूनच रामराम.

एक दिवस मॅनेजर साहेबांनी एक पत्र माझ्या हातात ठेवलं. "हे तुमच्याकडं. बघून घ्या," म्हणाले, जीपमध्ये बसले आणि पंधरा दिवसांसाठी पुण्याला गेले.

जपानात तेव्हा एक नवंच काम सुरू झालं होतं. देशोदेशीचे कारागीर बोलवायचे, वर्षभर त्यांना नवी यंत्रं शिकवायची आणि परत आपापल्या गावी धाडायचं. हे मला पुढं कळलं. त्या दिवशी त्या भल्यामोठ्या पत्रातले चारच शब्द मला धड वाचता आले. फोरमन, जपान, ट्रेनिंग आणि नॉमिनेट.

आता नॉमिनेट म्हणजे काय हे मला ठाऊक नाही होय? विम्याच्या कागदावर नॉमिनी म्हणून बायकोचं नाव मीच घातलेलं! नॉमिनी म्हणजे ज्याचं नाव लागलं तो. फोरमन नॉमिनेट म्हणजे फोरमनचं नाव लागलं. आणि फोरमन कोण? झालं की!

घरी जाऊन बायकोला म्हटलं, "सुशीला, मी जपानला चाललो."

"जाताना दळण टाकून जा," ती म्हणाली.

पत्र दाखवल्यावर मात्र ती खाली बसली. आई चुलीपाशी होती. तिनं विचारलं, "तिकडं बाजरी मिळती का रं?"

बाजरी? मी तर केव्हाच तिकडं पोचलो होतो! काय सांगू, ते दिवस मी जमिनीवर नव्हतोच. संध्याकाळी सायकल काढून मुळा नदीच्या धरणावर जायचो. धरण नवंनवं. एवढं पाणी आमच्या भागानं कधी पाहिलेलं नव्हतं. समुद्र मीही पाहिला नव्हता, पण त्या पाण्याकडं डोळे बारीक करून बघितलं की पलीकडचा काठ नाहीसा व्हायचा. मग एक पांढरी बोट दिसायची. बोटीच्या कठड्याला टेकून सुटाबुटातला मी! वारा उसाच्या फडावरून यायचा, पाचट सळसळायचं, आणि मला वाटायचं लाटाच वाजतायत. कितीदा तरी घरी परत येताना सायकल तिथंच विसरून मी निम्म्या वाटेपर्यंत चालत आलोय.

शाळेतला नकाशा आणून भिंतीला लावला. जपानी लोक दोन काड्यांनी जेवतात असं कुणीतरी सांगितलं, तर सायकलच्या दोन तारा घासूनपुसून घेतल्या आणि पिठलं-भाकरीवर सराव सुरू केला. पिठलं तारेवर चढतंय होय! आई चार दिवस बघत राहिली आणि पाचव्या दिवशी म्हणाली, "आरं, उपाशी मरशील तिकडं. नगं जाऊ."

गावात बातमी पसरायला किती वेळ लागतो? एकानं ट्रान्झिस्टर सांगितला, दुसऱ्यानं घड्याळ, मावशीनं जॉर्जेटची साडी. लग्नात रुसलेले माझे सासरे, दहा वर्षं माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. ते लाडूंचा डबा घेऊन दारात उभे! "जावईबापू, आमचं जरा चुकलंच."

सगळ्यांत शेवटी शिवराम आला. शिवराम कांबळे, माझा सगळ्यांत चांगला फिटर. वय पंचवीस. पंपाला नुसता कान लावून आत काय बिघडलंय ते सांगायचा, आणि हात असे स्थिर की भरलेला कप तळव्यावर ठेवावा.

"साहेब, तिकडं उघड्यावर बुद्धाची लई मोठी मूर्ती हाय म्हणं. आईसाठी एक फोटू आणाल का?"

"आणतो की!"

तो जरा घुटमळला. "आमच्यासारख्याचं कधी नाव लागंल का हो तिकडं?"

"लागंल, लागंल. आधी मला जाऊन तर येऊ दे!" असं म्हणालो मी. मोठ्या माणसासारखं, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. आज आठवलं तरी कान गरम होतात.

रविवारी चार वाजता शाळेच्या पटांगणात माझा सत्कार ठरला. मांडव, कर्णा, बँड, सगळं. अध्यक्ष वाघ सर, चाळीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. माझ्या गळ्यात हार पडले; एवढे, की मला समोरचं दिसेना. कुणीतरी ओरडलं, "सर, ते पत्र वाचून दाखवा! जपाननं काय लिवलंय ते कळू द्या!"

मी ऐटीत खिशातून पत्र काढून दिलं. सरांनी चष्मा लावला. पहिली ओळ मनात वाचली. दुसरी वाचली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग माइकवर हात ठेवून माझ्या कानाशी आले.

"फोरमन, यात तुमचं नाव नाहीये."

"असं कसं? नॉमिनेट लिहिलंय की!"

"अहो, नॉमिनेट तुम्ही करायचंय. तिशीच्या आतला एक चांगला फिटर निवडा आणि त्याचं नाव कळवा, असं लिहिलंय. उद्याच्या आत."

आणि माझं वय? अडतीस!

तुम्ही कधी हारांच्या आत घाम फुटलेला अनुभवलाय? समोर चारशे माणसं. पहिल्या रांगेत सासरे. माझी बोट, ती पांढरी बोट, भर पटांगणात बुडत होती आणि बँडवाले वाजवायला तयार होते. पळून जावं तर मांडवाला वाट एकच.

तेवढ्यात पार मागं, कडुलिंबाखाली शिवराम दिसला. सगळ्यांत जोरात टाळ्या तोच वाजवत होता.

मी माइकसमोर गेलो. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. "मंडळी," म्हटलं, "जपानला जायला माझ्यापेक्षा लायक माणूस आपल्या वर्कशॉपात आहे. जाणार तो. शिवराम, पुढं ये!"

शब्द सगळे खरे होते की नाही, सांगा!

शिवराम माणसांतून वाट काढत आला. मी सगळे हार काढून त्याच्या गळ्यात घातले. त्यानं माझा हात धरला, आणि ते हात थरथरत होते हो! शिवरामचे हात! आणि मग ज्या टाळ्या पडल्या! सासरे उठून डोळे पुसत म्हणाले, "केवढं मोठं मन! देवमाणूस हाय आमचा जावई!"

मी वाघ सरांकडं बघितलं. ते आभाळाकडं बघत होते. भला माणूस. शेवटपर्यंत बोलला नाही.

सुशीला मात्र माझं तोंड ओळखते. "घरी चला," एवढंच म्हणाली. घरी खरं सांगितल्यावर पदर तोंडाला लावून ती जी हसली, ती दोन दिवस थांबली नाही.

शिवराम जपानला गेला. इकडं माझं नाव मोठं झालं. शाळेत मुलांना त्याग शिकवताना माझं उदाहरण द्यायला लागले. मलाही हळूहळू ते खरं वाटू लागलं बरं का!

आठ महिन्यांनी पुन्हा एक पत्र आलं. इंग्रजीत, थेट माझ्या नावावर. वर वर बघितलं: फोरमन, जपान, ट्रेनिंग. मी मनाशी हसलो. एकदा फसलो, आता नाही! वाघ सरांकडं जायची तर लाजच वाटत होती. सुशीला म्हणाली, "अहो, नीट वाचून घ्या कुणाकडून तरी."

"कळलंय मला! नाव मागतायत," म्हटलं, आणि आमच्या गंगाधर मुकादमाचं नाव लिहून त्याच दिवशी पोस्टात टाकलं. महिन्या-दीड महिन्यात गंगाधर गेला. परत टाळ्या, परत देवमाणूस.

मग शिवरामचं मराठीत पत्र आलं.

'साहेब, यंदा इथं फोरमन लोकांचा वेगळा वर्ग निघाला. वयाची अट नाही. तुम्ही तुमची जागा मला दिलीत हे मी इथल्या मोठ्या साहेबांना सांगितलं होतं. म्हणून त्यांनी खास तुम्हालाच बोलावणं धाडलं. स्टेशनावर तुमच्या नावाची पाटी घेऊन मी दोन तास उभा होतो. गाडीतून गंगाधर उतरला! परत तुम्ही तुमची जागा दुसऱ्याला दिलीत. इथले लोक म्हणाले, असा माणूस आम्ही जन्मात पाहिला नाही.'

कुठून पाहणार? तसली माणसं पत्र न वाचता घरीच बसतात ना!