आक्काची अट

मोबाइलवर दादाचं नाव दिसलं आणि मी हातातलं काम टाकून बाहेर आलो. आम्हा भावांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. मी कागलच्या कारखान्यात पाळीवर होतो, तो चंदगडहून बोलत होता. "आक्का गेली. शेजारच्यांचा फोन आलता. तू जवळ हाईस, फुडं हो. मी निघालोय." मी राजारामपुरीतल्या तिच्या फ्लॅटवर पोहोचलो, तेव्हा आमची थोरली बहीण नेहमीसारखी कुशीवर झोपलेली दिसत होती... त्याला आता महिना होऊन गेला.

आक्का विद्यापीठात आंतरराष्ट्रीय शांतता आणि सुरक्षा हा विषय शिकवायची. थांबलेली युद्धं पुन्हा का पेटतात, हा तिचा आयुष्यभराचा अभ्यास. त्यापायी ती देशोदेशी फिरली, मोठमोठ्या परिषदांना बसली. गल्लीत मात्र तिला एकच प्रश्न असायचा. खालचे किराणा दुकानदार चाचा पेपर पुढे करून म्हणायचे, "मॅडम, ही लढाई थांबवा की आता!" आक्का हसायची. "चाचा, थांबवणारे वेगळे. थांबल्यावर विहिरीवर पाणी आधी कुणी भरायचं, यावरून परत पेटते. आम्ही ते बघतो." जगाच्या कारभारावर बोलतानाही ती विहीर, रस्ता, गायरान यांवरच यायची. भारदस्त शब्दांचा तिला कंटाळा होता. विद्यार्थी तिला वचकून असत, कारण वर्गातल्या वादात तिची एक अट असे. आधी समोरच्याची बाजू मांडायची. तो "हेच माझं म्हणणं" असं कबूल करेपर्यंत स्वतःची बाजू काढायची नाही. कित्येकांचा अख्खा तास त्यातच जायचा.

आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, लावलेली काजूची झाडं दादानं कुणाला न विचारता तोडली आणि आमचं बिनसलं. आक्कानं दोघांना जेवायला बोलावलं आणि ताटं वाढायच्या आधी हीच अट घातली. दादा उठलाच. "ह्ये तुझं परदेशात चालतंय, हितं न्हाय." तो गेला. मला आक्काचाही राग आला. सख्ख्या बहिणीनं सरळ न्याय करावा, एवढंच मला हवं होतं. ती रश्शाचं पातेलं झाकत म्हणाली, "निकाल मी आत्ता देते रे. पण तो तुम्ही दोघंही पाळणार नाही." पुढं दर दिवाळीला ती दोघांना बोलवत राहिली. आम्ही कधी एका वेळी गेलो नाही. आम्हाला समोरासमोर बसलेलं न बघताच ती गेली, याचं मला फार वाईट वाटतं.

गेल्या रविवारी आम्ही तिची पुस्तकं खोक्यांत भरत होतो. ती विद्यापीठाला द्यायची आहेत. दुपारभर कामापुरतं बोलणं झालं. कपाट रिकामं झालं, दादा एका खोक्यावर टेकला आणि न राहवून मी म्हणालो, "दादा, तुझं म्हणणं असं, की झाडांना कीड लागली होती."

"न्हाय. त्ये कारण झालं. म्हणणं न्हवं."

मी हातातलं खोकं खाली ठेवलं. मग म्हणालो, "आक्का शिकायला गेली, मी नोकरीला. तू आई-आबांपाशी राहिलास. राहशील का, असं तुला कुणी विचारलं नाही. आणि झाडं तोडताना मात्र तू सगळ्यांना विचारायला हवं होतंस..."

दादानं मान खाली घातली. "व्हय," तो म्हणाला. "ह्येच."

मग खोक्यावरून उतरून तो माझ्यासमोर फरशीवर मांडी घालून बसला.

"आता तुझं मी सांगतो. चुकलं तर थांबीव."