माझ्या मापाची गिटार

बुऱ्हाणपूर नावाचं गाव होतं, गावात लालबाग होती, लालबागेत एक म्हातारी राहायची. म्हातारीला एक सून, एक नात, आणि नातीला एक लालभडक गिटार. म्हातारीचं डोकं फार तल्लख. म्हणजे असं त्या म्हातारीचंच म्हणणं.

ती म्हातारी म्हणजे मी. आता काय सांगू तुम्हाला, त्या तल्लख डोक्यानं मी काय दिवे लावले ते! चहा घ्या आधी, गार होईल.

नातीचं नाव मयुरी, घरात मयू. ती लहान होती तेव्हापासून जो येईल तो म्हणायचा, "काकी, पोरगी अगदी तुमच्यावर गेली!" तेच नाक, तेच कपाळ, हसताना माझ्यासारखाच एक गाल आधी वर जातो. ऐकून ऐकून मला वाटायला लागलं, देवानं साचा माझाच वापरलाय. हे ध्यानात ठेवा हं. सगळा घोळ इथून सुरू झाला.

तर गिटार. विजेवर चालणारी. पोकळ नाही, पाटासारखी भरीव. वरच्या अंगाला दोन शिंगं, दोन्ही सारखी, मेंढ्याला असतात तशी. वायरीनं एका डब्याला जोडायची आणि आवाज डब्यातून यायचा. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, "का व मयू, आवाज डब्यात आहे तर हे एवढं लाकूड गळ्यात कशाला?"

"आजी, प्लीज," म्हणाली.

बसून वाजवली की काही त्रास नाही. उभी राहिली की पंचाईत! पट्टा अडकवायचं एक बटण मागे, दांडा जिथं धडाला जोडलाय तिथं. त्यामुळे हात सोडला की दांडा भसकन खाली. ज्या हातानं सूर दाबायचे त्याच हातानं दांडाही तोलून धरायचा! शिवाय मागची कड बरगडीत रुतायची, पुढची कड हाताला काचायची. अर्ध्या तासात पोरीचा खांदा भरून यायचा.

आणि नेमकं त्याच वेळी एका शाळेतून बोलावणं आलं. संगीत शिकवायची नोकरी, कायमची. मंगळवारी सकाळी प्रार्थनेला सगळ्या शाळेपुढं उभं राहून वाजवायचं, मग दोन वर्ग घेऊन दाखवायचे, तेही उभ्यानं. मागच्या साली दुसऱ्या एका ठिकाणी हिनं खुर्ची मागितली होती. खुर्ची मिळाली, नोकरी नाही मिळाली.

दोन वर्षं घरोघर शिकवण्या करत होती. या वेळी हुकलं तर गिटार कपाटावर ठेवीन आणि नेपानगरला मामाच्या दुकानात बसेन, असं जेवता जेवता बोलली. हळू बोलली. माझा घास तसाच राहिला.

रविवारी तिनं आईला सगळं समजावून सांगितलं. मी शेंगा सोलत बसले होते, पण कान तिकडेच. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मला लिहून ठेवता येत नाही, म्हणून ऐकलेलं विसरताही येत नाही. तीन कामं होती. एक, मागचं बटण काढून वरच्या शिंगाच्या टोकाला बसवायचं, म्हणजे दांडा पडणार नाही. दोन, मागची वरची कड पोटापाशी खोलगट तासायची. तीन, पुढची वरची कड, जिथं हात टेकतो, ती गोल करायची.

"सोमवारी खंडव्याहून कॉलेजचे कागद घेऊन येते," मयू म्हणाली, "आणि तशीच गोपाल मिस्त्रीकडे जाते. त्यांना माझं माप घ्यावं लागेल."

सोमवारी दुपारी फोन आला. कागदावर सही करणारे साहेबच जागेवर नाहीत, घरी यायला साडेपाच होतील.

"अगं, पण मिस्त्री तर चारला निघतोय!" सून म्हणाली. "धूलकोटला भाचीचं लग्न आहे त्याच्या!"

फोनमधून मयूचा आवाज मलाही ऐकू आला. "राहू दे मम्मी. जशी आहे तशी वाजवते."

ते 'राहू दे' ऐकलं मात्र, मी उठले आणि चपला घातल्या.

"आई, कुठं निघालात?"

"मिस्त्रीकडे. तिन्ही कामं पाठ आहेत मला."

"पण तिचं माप?"

"मी आहे ना!"

गिटार सोलापुरी चादरीत गुंडाळली, छातीशी धरली आणि रिक्षात बसले. रिक्षावाला मोठा भला. म्हणाला, "अम्मा, बच्चे का सिर संभालना, आगे गड्ढे हैं."

गोपाल मिस्त्री पाट करतो, चौरंग करतो, कुदळ-फावड्यांना दांडे बसवतो. त्याची एक रीत आहे. फावडं ज्याच्या हातात जायचं त्याला समोर उभा करतो, त्याच्या उंचीनंच दांडा कापतो. दुसऱ्याचा निरोप घेऊन आलेल्याला परत पाठवतो. म्हणून त्याचा दांडा लागला की कंबर दुखत नाही, असं सगळा गाव सांगतो.

"हे काय आणलं काकी?"

"गिटार."

"बिघडली?"

"बिघडली नाही, टोचते."

मी तिन्ही कामं घडाघडा सांगितली. त्यानं गिटार उलटसुलट पाहिली. "आजवर ढोलकीचं खोड केलं, हे नाही केलं. पण लाकूडच आहे. माणूस कुठं आहे?"

"मीच."

"तुम्ही वाजवता?"

"नात वाजवते. ती आणि मी एकच रे! सगळी लालबाग सांगेल."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. धूलकोटची घाई होती, नाहीतर ऐकला नसता. "बरं, गळ्यात घाला."

मी घातली. हाताला जसं बरं वाटलं तशी धरली.

"वरचं शिंग म्हणजे हेच ना?"

"आता वर कोणतं आहे, दिसत नाही का तुला?"

मिस्त्रीनं पेन्सिलनं खुणा केल्या. माझ्या पोटाला कड कुठं लागते, हात कुठं टेकतो, सगळं बारकाईनं. मग थबकला. "काकी, ही गोल गोल बटणं तुमच्या कोपराखाली येतात. नातीला अडत नाहीत?"

तिथंच मला उजेड पडायला हवा होता की नाही? पण नाही!

"तिला सवय असेल," मी म्हटलं. "त्यांना हात लावू नको, विजेची आहेत."

मग काय, कानस चालली, लाल भुसा उडाला. मागे एक काळं झाकण होतं, त्याच्या कडेकडेनं मिस्त्रीनं असं खोलगट तासलं, की माझं पोट त्यात अलगद जाऊन बसलं. बटण शिंगाच्या टोकाला गेलं. पट्टा गुडघ्यापर्यंत लोंबत होता. तो म्हणाला, "कापू?" मी म्हटलं, "काप!"

"आता दोन्ही हात सोडा काकी."

सोडले. दांडा जागचा हलला नाही! मिस्त्री चार पावलं मागे गेला, दार बसवल्यावर एक डोळा मिटून बघतो तसं बघितलं. "काकी, तुमच्या अंगावरच घडवल्यासारखी दिसते."

खरं बोलत होता बिचारा. शब्दन्‌शब्द खरा होता.

साडेपाचला मयू आली. मी गिटार तिच्या पुढ्यात ठेवली आणि पदरानं घाम पुसत, काही विशेष नाही अशा चेहऱ्यानं बसले. तिनं पट्टा गळ्यात घातला. गिटार हनुवटीखाली जाऊन अडकली आणि गर्रकन फिरून तारा तिच्या ड्रेसकडे झाल्या!

सून म्हणाली, "अगं बाई!"

मयूनं गिटार उतरवली, सगळीकडे बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाली, "आजी, तू कशी धरली होतीस?"

मी धरून दाखवली. दांडा उजव्या हातात, डावा हात तारांवर.

"आणि मी कशी धरते?"

मी डोळे मिटून आठवलं. आठवण तर माझी पक्की! दांडा डाव्या हातात, उजवा हात तारांवर... आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

मी डावखुरी आहे हो! माझं वरचं शिंग म्हणजे तिचं खालचं! विळा डावीकडून, कोयता डावीकडून, लाटणंसुद्धा डाव्या हाताचा जोर खाणारं. मायनं मारून मारून फक्त जेवणाचा हात उजवा केला, बाकी सगळं आयुष्य मी डाव्या हातानं काढलं. इतकी सवय, की आपण डावखुऱ्या आहोत हेच विसरले. माझी उंची मयूच्या खांद्याला लागते, हेही विसरले. नाक सारखं असलं म्हणून का पोटही सारखं असतं?

तिचे डोळे भरले. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं होतं.

"उठ," मी म्हटलं.

"कुठं?"

"मिस्त्रीकडे."

"ते गेले असतील, आजी."

"कसे जातील? माझ्या कामापायीच त्याला उशीर झालाय."

मिस्त्री नवा पांढरा सदरा घालून दाराला कुलूप लावत होता. बायको गाडीत बसून त्याला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात काहीबाही बोलत होती. मी जाऊन सरळ सांगितलं, "गोपाल, माप चुकलं. चूक माझी. ही खरी नात."

त्यानं मयूकडे पाहिलं, खालपासून वरपर्यंत. मग माझ्याकडे. "काकी, सारखेपणा कुठं आहे?"

"हसली की दिसतो," मी म्हटलं.

त्यावर मयू हसली. हसलीच ती! एक गाल आधी वर. मिस्त्रीनं कुलूप काढलं. बायकोनं गाडीतून उतरून त्याच्या नव्या सदऱ्यावर जुनं धोतर गुंडाळलं आणि स्वतः बॅटरी धरून उभी राहिली. दुसऱ्या शिंगालाही बटण बसलं, दुसऱ्या बाजूनंही मागे खोलगट झालं, पुढची दुसरी कडही गोल झाली. कापलेल्या पट्ट्याला मी घरी येऊन गोधडीच्या जाड कापडाची दुपदरी जोड शिवली. डाव्या हातानं. खांद्यावर मऊ बसली.

सकाळी मयूनं मला सोबत नेलं. "तू चल आजी, घरी राहिलीस तर अजून काही दुरुस्त करशील."

शाळेच्या मैदानात मी मागच्या बाकावर बसले. मयू उभी राहिली, हात मोकळा, दांडा सरळ. प्रार्थना झाली, दोन वर्ग झाले. खांद्याला हात लावताना मला एकदाही दिसली नाही. पोरं तर अशी चिकटली तिला!

मग मोठ्या मॅडमनी गिटारीवर बोट ठेवलं. "ये दोनों तरफ कटिंग क्यों है? बटन भी दोनों तरफ?"

मी मान खाली घातली. मयू खरं बोलणारी पोरगी. म्हणाली, "मॅडम, एक बाजू माझ्या मापाची आहे, एक आजीच्या. आजी डावखुरी आहे."

मॅडमनी गिटारीकडे पुन्हा पाहिलं. मग हात पुढे केला. "मला दे बघू."

तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं. माझीच उंची, माझाच घेर! त्यांनी पट्टा दुसऱ्या शिंगाच्या बटणाला अडकवून आखूड केला, दांडा उजव्या हातात घेतला, आणि गिटार त्यांच्या पोटावर अशी बसली, अशी बसली, की गोपाल मिस्त्रीनं डोळा मिटून पाहिलं असतं. तारा उलट्या होत्या, सूर काय यायचा तो आला. पण मॅडमचा चेहरा!

"बचपन में सितार सीखने गई थी," म्हणाल्या. "गुरुजी रोज हात बदलायला लावायचे. मी सितारच सोडली." मग हजेरीवर डाव्या हातानं सही करता करता मयूला म्हणाल्या, "इस क्लास में चार बच्चे हैं मेरे जैसे. उनको भी सिखाओगी ना?"

सोमवारपासून मयू त्या शाळेत जाते. कायमची. आमच्या घरात सकाळी गाण्याच्या नोकरीला निघणारं पहिलं माणूस तीच. सुनेनं त्या दिवशी मावा जिलेबी आणली, आणि मला दोन जास्त वाढल्या. मी त्या उजव्या हातानं खाल्ल्या, मायला बरं वाटावं म्हणून.

आता गावभर झालंय, की लालबागेतली म्हातारी गिटारी अंगाबरोबर बसवून देते. परवा नेपानगरहून कुणी सहा फुटी जवान आपली गिटार घेऊन मिस्त्रीकडे आला. मिस्त्रीनं त्याला स्टुलावर बसवलं आणि आमच्या घरी निरोप धाडला, "काकींना पाठवा, माप घ्यायचंय."

सून हसून हसून खाली बसली. मयूनं डोक्याला हात लावला.

आणि खरं सांगू का तुम्हाला? मी चपला घातल्यासुद्धा होत्या!