कडूकंदाची ओळ

रेणुका भित्री आहे हे तिच्या घरात कुणापासून लपलेलं नव्हतं. गॅस बंद केला का ते बघायला ती अर्ध्या जिन्यावरून परत यायची, बघून निघायची आणि हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीच्या चौकापर्यंत गेल्यावर तिला वाटायचं, मघाशी आपण खरंच बघितलं का नुसतं बघितल्यासारखं केलं? नवरा अमरदीप म्हणायचा, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आपल्या घरी तर त्याचं रेशन कार्डावर नाव हाय."

पण या भित्रेपणाला एका ठिकाणी मोठा मान होता. हिमायतनगरच्या एका शाळेच्या ऑफिसात ती कामाला होती, आणि उरल्या वेळात एका मराठी ऑनलाइन ज्ञानकोशासाठी राबायची. हा ज्ञानकोश कुणा एकाचा नाही. ठिकठिकाणची माणसं तो फुकटात लिहितात, एकमेकांच्या चुका काढतात आणि त्यावरून यथेच्छ भांडतात. भांडायची हौस आपल्या लोकांना मुळातच आहे, तिथे ती निदान कारणी लागते. या ज्ञानकोशाच्या मुखपृष्ठावर 'ठाऊक आहे का?' असा एक चौकोन असतो. त्यात रोज काही ओळी येतात, वाचणाऱ्याने "अरेच्चा" म्हणावं आणि पूर्ण लेख उघडावा अशा. ज्याने ओळ सुचवली त्यानेच ती पास करायची नाही, दुसऱ्याने तपासायची, असा तिथला नियम. त्या तपासणाऱ्यांत रेणुका होती.

ती पुस्तकाचं पान डोळ्यांनी बघितल्याशिवाय ओळ सोडायची नाही. खोटी गोष्ट आपल्या हातून मुखपृष्ठावर गेली तर, या भीतीने तिला अंथरुणात दरदरून घाम फुटायचा. दुसरी गोष्ट म्हणजे तिची कात्री. लांबलचक ओळीतलं पाल्हाळ ती असं छाटायची की उरलेली ओळ वाचणाऱ्याला चटकन लागायची. सगळे म्हणायचे, ओळ रेणुकाताईंकडे द्या, त्या तिला धार लावतील. भित्र्या माणसाचं कुणी कौतुक केलं की ते त्याला जरा जास्तच गोड लागतं.

तिच्या या कामाचा सगळ्यात भक्त वाचक म्हणजे तिचे वडील, निवृत्ती. घरात त्यांना आप्पा म्हणत. लहानपणी उदगीरकडून आई-बापाचं बोट धरून ते हैदराबादेत आले. दिवसा बस डेपोत नटबोल्ट आवळले आणि रात्रशाळेत अक्षरं गिरवली. अक्षर म्हणजे आपल्या माणसांना उशिरा मिळालेली गोष्ट, असं ते म्हणायचे, आणि छापलेल्या शब्दाकडे देवघराकडे बघावं तसं बघायचे. घरात देवघर नव्हतं, बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याखाली पुस्तकं. रेणुकाची शाळा इंग्रजी, गल्ली तेलुगू, बाजार दखनी. मराठी वाचायला तिला शिकवलं ते आप्पांनी, नांदेडहून आणलेल्या अंकलिपीवर बोट ठेवून. पत्नी गेल्यावर ते गौलीगुड्यातल्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे. मधुमेह सोडला तर ठणठणीत. रोज सकाळी चहाच्या आधी फोनवर ज्ञानकोशाचं मुखपृष्ठ उघडायचे. रेणुका तपासते तो चौकोन वाचायचे, आणि तेवढाच.

कडूकंद या रानातल्या कंदाची ओळ नागपूरच्या निशिगंधाने सुचवली होती. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, पण भांडून भांडून ओळख झाली होती. निशिगंधाने लिहिलं होतं: '...की दुष्काळात काही गावांतले लोक कडूकंद राखेच्या पाण्यात पुन्हा पुन्हा उकळून, रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवून मगच खात, आणि त्यावर त्यांनी महिने काढले?'

रेणुकाने पुस्तकाचं पान मागवलं, वाचलं. गोष्ट खरी होती. लांबीही नियमात बसत होती. पण तिला ती ओळ पाककृतीसारखी वाटली. तिने कात्री चालवली. उरलं ते असं: '...की दुष्काळात काही गावांनी कडूकंद खाऊन महिने काढले?'

निशिगंधाने लगेच लिहिलं, "ताई, मधलं राहू द्या ना. तेच तर महत्त्वाचं आहे."

"मुखपृष्ठावर ओळ असते, कृती नाही," रेणुकाने उत्तर दिलं. "कृती लेखात आहे. ज्याला हवी तो लेख उघडेल." चार जणांनी तिच्या बाजूने कौल दिला आणि ओळ रांगेत लागली.

ओळ मुखपृष्ठावर आली त्या दिवशी शाळेत दाखल्यांची गर्दी होती. दुपारी डबा उघडताना तिने फोन बघितला. आप्पांचा निरोप सकाळीच येऊन पडला होता.

'आजची ओळ वाचली. मला माहीतच नव्हतं. बाजारात एक बाई टोपलीत कडूकंद घेऊन बसली होती. आणला. आज त्याचीच भाजी.'

घास तिच्या हातातच राहिला.

पुस्तकाचं पान तिला तोंडपाठ होतं. त्यात पुढे लिहिलं होतं की नीट न उकळता हा कंद पोटात गेला तर घसा जळतो, उलट्या होतात आणि काही वेळा माणूस हाती लागत नाही. हे वाक्य तिने वाचलं होतं, बरोबर आहे म्हणून खूण केली होती, आणि मग ओळ सुटसुटीत केली होती. तिने आप्पांना फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. आयुष्यभर ती हजार गोष्टींना भ्याली होती, पण त्यातली एकही खरी ठरली नव्हती.

डबा तसाच टाकून ती रस्त्यावर आली आणि दिसली त्या रिक्षात बसली. "गौलीगुडा. जल्दी चलो भैया, जल्दी."

"परेशान नक्को होओ मॅडम, अब्बी छोड देतूं," रिक्षावाला म्हणाला, आणि किंग कोठीच्या गर्दीत जाऊन अडकला.

रिक्षात बसून ती एका हाताने आप्पांना फोन लावत होती आणि मधेच मुखपृष्ठ उघडत होती. ओळ तिथेच होती. छोटी, देखणी, तिच्या हातची. मुखपृष्ठावर बदल करायचा अधिकार मोजक्या लोकांना असतो, तो तिला नव्हता. निशिगंधाला होता. शरम गिळून तिने लिहिलं, 'मधले शब्द परत घाला. आत्ताच्या आत्ता. माझ्या वडिलांनी आणलाय तो कंद.'

निशिगंधा एक शब्दही उलटून बोलली नाही. 'घातले. तुम्ही आधी त्यांच्याकडे पोचा.' एवढंच आलं.

घातले खरे, पण सकाळपासून किती जणांनी ती ओळ वाचली असेल? कुणाकुणाच्या चुलीवर आज पातेलं चढलं असेल? हा विचार आला आणि तिने तो दोन्ही हातांनी ढकलला. आत्ता तिला एकच पातेलं पुरे होतं. कोठीच्या पुढे रिक्षा मुंगीच्या पावलांनी सरकत होती. तिने पैसे सीटवर टाकले आणि उरलेला रस्ता धावत निघाली. साडीत पाय अडकत होता. भांड्यांच्या दुकानातला माणूस ओळखीने काही बोलला, ते तिला ऐकूच आलं नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत कांद्याच्या फोडणीचा वास. ओट्यावर धुऊन पालथं घातलेलं ताट. आप्पा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले.

"आप्पा!"

ते हलले नाहीत. तिने खांदा धरून त्यांना वळवलं. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, ओठ सुजल्यासारखे. पण डोळे उघडले.

"तू कामून आलीस गं? शाळा न्हाई आज?"

"खाल्लात? आप्पा, तो कंद खाल्लात?"

"हौ, खाल्लो. बटाट्यासारखी भाजी केलो." त्यांनी खाटेखालची बादली पायाने आत सरकवायचा प्रयत्न केला. तिने ती बघितलीच. "जरासं मळमळायलंय. जाईल."

"फोन का नाही उचललात?"

"उलटी झाली म्हणून सांगू का तुला? तू आधीच भित्री." मग थोडा दम घेऊन म्हणाले, "लई कडू गं रेणू. जीभ म्हणली, थुंक. मी म्हणलो, रेणूनं तपासलेलं हाय. ती पान बघितल्याबिगर सोडत न्हाई. मग सगळी संपवलो."

रेणुकाला रडू फुटलं नाही. तिला ती चैन परवडणारी नव्हती. खालच्या दुकानदाराला हाक मारून तिने आप्पांना जिना उतरवलं, रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. वाटेत ते दोनदा ओकले. दुसऱ्यांदा ओकताना त्यांनी तिचा हात असा काही घट्ट धरला की आप्पाही भ्यालेत हे तिला कळलं. आप्पांना भ्यालेलं तिने जन्मात बघितलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी हिंदीत विचारलं, काय खाल्लं, किती खाल्लं, कधी खाल्लं. रेणुकाने सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "लेकिन ये ऐसा खाने को बोला किसने?" खाटेवरून आप्पाच म्हणाले, "किसी ने नै बोला. मेरेइच मन से खाया." ते ऐकून तिने तोंड फिरवलं.

सलाईन लागलं. लिव्हरचे रिपोर्ट सकाळी येतील, तोवर काही सांगता येत नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. अमरदीप डबा घेऊन आला. त्याने नेहमीचा विनोद केला नाही, आणि त्यामुळे ती आणखीच घाबरली. बाकावर बसून ती आप्पांच्या छातीकडे बघत राहिली. वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. खरी गोष्ट होती, ती मनाशी म्हणत होती, पान बघितलं होतं, आधार होता. प्रत्येक वेळी हे म्हटलं की तिला स्वतःची किळस यायची.

सकाळी रिपोर्ट आले. लिव्हरला थोडा मार बसला होता, पण निभावलं होतं. पंधरा दिवस पथ्य, मग पुन्हा तपासणी. डॉक्टरबाई गेल्या आणि इतका वेळ ताठ बसलेली रेणुका बाकावर वाकून हमसाहमशी रडली. आप्पांनी तिला रडू दिलं.

मग ते म्हणाले, "एक विचारू का? ओळ खोटी होती का गं?"

"खोटी नव्हती, आप्पा."

"मग?"

"मूळ ओळ मोठी होती. मधले शब्द मी काढले. लांब वाटत होती म्हणून."

आप्पा रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. "वाच बरं ती," ते म्हणाले, "सगळी."

तिने फोन काढला आणि निशिगंधाने लिहिलेली ओळ वाचली, लहानपणी त्यांच्यासमोर अंकलिपी वाचायची तशी, एकेक शब्द सुटा करून. राखेच्या पाण्यात पुन्हा पुन्हा उकळून. रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवून. मगच खात.

ओळ संपल्यावरही आप्पा ऐकत राहिले, जणू अजून काही यायचं आहे. मग त्यांनी मान तिच्याकडे वळवली.

"झाली?"

"झाली."

"लांब न्हाई की, रेणू," ते म्हणाले.