मांडवावरची ताडपत्री

हवामानाच्या कचेरीत मी एकतीस वर्षं काढली, आणि एकतीस वर्षं लोकांनी मला एकच विनोद ऐकवला. "तुम्ही ऊन म्हणालात की आम्ही छत्री घेतो हं!" वाणी म्हणायचा, न्हावी म्हणायचा, नारायण पेठेतले आमचे घरमालक तर जिन्यात गाठून म्हणायचे. दर वेळी असे हसायचे, जणू आत्ताच सुचलंय. मीही हसायचो. पण आत कुठेतरी जळायचो, हे खरं.

लोकांना वाटायचं, आम्ही खिडकीतून आभाळ बघून ठोकून देतो. अहो, सकाळी साडेआठची निरीक्षणं गावोगावहून तारेनं यायची, ती नकाशावर शाईनं मांडायची, मग पेन्सिलीनं रेघा ओढायच्या. चैत्र-वैशाखात मी एकच रेघ शोधायचो. समुद्राकडून आलेला दमट वारा आणि वरून उतरलेला कोरडा, तापलेला वारा जिथे एकमेकांना भिडतात, ती रेघ. ती सपाट मुलखावर आली की दुपारी चारनंतर वादळ ठरलेलं. पण कुठल्या गावात? ते सांगता येत नसे. म्हणून आम्ही लिहायचो, 'तुरळक ठिकाणी वादळी वाऱ्यासह पाऊस'. तुरळक या शब्दावर आमच्या नोकऱ्या चालायच्या. आणि कचेरीत शिस्त अशी की आपण जिल्ह्याचं सांगतो, कुणाच्या अंगणाचं सांगत नाही.

ती शिस्त मी एकदाच मोडली होती, आक्कासाठी. माझी थोरली बहीण लोणी काळभोरला दिलेली. दाजींची बागायत चांगली, माणूस आडदांड, बोलणं मोठ्यानं. त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात मी सकाळीच सांगितलं, "दाजी, आज वारं आहे. मांडवावरची ताडपत्री उतरवा." दाजी पोट धरून हसले. "ऐका! पाव्हण्याच्या कागदावर वारं आलंय!" असं भावकीला ओरडून सांगितलं आणि हसत हसतच शिडी लावून स्वतः दोर सोडले. नुसते लोखंडी पाइप उभे राहिले. आणि त्या दिवशी पान हललं नाही. वऱ्हाड उन्हात जेवलं. नवऱ्याच्या चुलत्याला घेरी आली. तेव्हापासून लोणीत माझं नाव 'वारंवाले मामा' पडलं. गेलो की पारावरचं कुणीतरी विचारायचंच, "काय वारंवाले, आज धोतर खोचू का सोडू?"

माझा स्वभाव आधीच तिरसट, त्यात असलं काही मी विसरत नाही. मनाशी ठरवलं, बास झालं. पुन्हा म्हणून या लोकांना काही सांगणार नाही.

पुढच्याच वैशाखात धाकटीचं लग्न निघालं, मुहूर्त गोरज. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. सकाळी नकाशा मांडायला बसलो आणि दहाच्या सुमारास ती रेघ माझ्या हाताखाली उमटली. सोलापूरपासून थेट पुण्यापर्यंत, इतकी ठसठशीत की शेजारच्या टेबलावरचे साहेब उठून बघायला आले. "आज कुणाचं तरी छप्पर जाणार," ते म्हणाले. मी अंदाज लिहिला. तुरळक ठिकाणी. सही केली आणि सोलापूर रोडची बस धरली.

बसमध्ये काय विचार केला, ते मला अजून आठवतं. सांगावं, असं वाटलं. मग वाटलं, कशाला? पुन्हा पान हललं नाही तर? पुन्हा वर्षभर तेच ऐकायचं? आणि मांडव काही पहिल्यांदा घातलेला नाही, त्यांना त्यांचं कळतं. अशी मी माझी समजूत घालत होतो.

उतरलो तर दाजी मांडवातच उभे. फेटा बांधलेला, कपाळाला घाम. भोवती भावकी. मला बघताच ओरडले, "या, या! काय पाव्हणं, औंदा काय म्हनतंय तुमचं वारं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हसू ओठांवर तयारच होतं त्यांच्या. मी म्हणालो, "तुरळक ठिकाणी आहे. पण लोणीचं नाव काही त्यात लिहिलेलं नाही."

काय हसले हो सगळे! दाजींनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी पुढे गेलो. "आता कसं मान्सावानी बोल्लात!" म्हणाले. आणि मला बरं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण तेव्हा फार बरं वाटलं. पहिल्यांदा त्या मांडवात लोक माझ्यावर नाही, माझ्या बोलण्यावर हसले होते.

साडेचारला पूर्वेकडे आभाळ मळकट झालं. मी एकट्यानंच ते पाहिलं असं नाही, पण त्याचा अर्थ एकट्या मला कळत होता. तेव्हाही अर्धा तास हातात होता. मी उठलो, दाजींना शोधलं, ते आचाऱ्यावर खेकसत होते. म्हटलं, आता सांगितलं तर म्हणतील, मघाशी काय झालं होतं? मी परत येऊन खुर्चीवर बसलो.

आधी धूळ आली. मग सगळी ताडपत्री एकदम फुगली आणि पाइप जमिनीतून करकरायला लागले. अशा वेळी आमच्याकडची माणसं एकच चूक करतात, मांडव धरायला धावतात. दहाबारा जण पाइपांना लोंबकळले. मीही धावलो. "सोडा! दोर कापा! मांडव सोडा!" असा ओरडत होतो, पण त्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार? बाकीच्यांनी सोडला, दाजींनी सोडला नाही. मुलीचा मांडव होता तो. पाइपासकट ते वर उचलले गेले आणि ओट्याच्या दगडी कडेवर डोक्यावर पडले. टेम्पोत घालून पुण्याकडे निघालो, पण हडपसरच्या अलीकडेच सगळं संपलं. डोकं माझ्या मांडीवर होतं. मागे मांडवात धाकटी हळदीच्या अंगानं बसलेली होती.

तेरावं झाल्यावर कामावर रुजू झालो. आमच्याकडे एक रजिस्टर असे, दिलेला अंदाज बरोबर ठरला की त्यापुढे खूण करायची. त्या दिवसाची जागा माझ्यासाठी तशीच ठेवली होती, कारण सही माझी. मी खूण केली. अंदाज बरोबरच होता ना!

धाकटीचं लग्न पुढे कसंबसं उरकलं. आक्कानं मला कधी काही विचारलं नाही. मला वारंवालेही कुणी म्हटलं नाही पुन्हा. ते न म्हणणंच जास्त लागायचं.

परवाच्या चैत्रात आक्का माझ्याकडे राहायला आली होती. आता ती ऐंशीच्या घरात आणि मी तिच्या मागोमाग. गच्चीवर तिनं कुरडया वाळत घातल्या होत्या आणि मी सावलीला बसलो होतो. आभाळाकडे न बघताच ती म्हणाली, "वारं हाय का रं आज?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हणालो, "आहे. चारनंतर."

ती लगेच कुरडया उचलायला लागली. सगळ्या परातीत भरून झाल्यावर माझ्यासमोर बसली. "येक इचारू? त्या दिशी तुला ठाव हुतं का?"

खोटं बोलता आलं असतं. कागदोपत्री मी तुरळक म्हणालोच होतो. मी म्हणालो, "होतं, आक्का. सकाळपासून ठाऊक होतं. तुम्ही हसाल म्हणून बोललो नाही."

ती परातीतल्या कुरडया सारख्या करायला लागली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"हसलोच असतो की रं," ती म्हणाली. "हसलो असतो, आन् ताडपत्री काढली असती. आदल्या वर्साला न्हवती का काढली?"