कांद्याच्या दोन ओळी

फूटपट्टीकाकांचं शेत लांबीला म्हणाल तर पार रस्त्यापासून विहिरीपर्यंत, आणि रुंदीला जेमतेम एका खाटेएवढं. यात दोष कुणाचा नाही, न्यायाचा आहे. त्यांच्या घराण्यात वाटणी नेहमी उभी व्हायची. प्रत्येक भावाला रस्ताही मिळाला पाहिजे आणि विहीरही, हा खापरपणजोबांचा नियम. अन्याय कुणावर झाला नाही, शेत मात्र पिढ्यान्‌पिढ्या चिरत गेलं आणि काकांच्या वाट्याला कांद्याच्या दोन ओळी उरल्या. नाव ठेवायला लोक काय, टपलेलेच असतात.

दोन्हीकडे चुलतभाऊ आणि दोघांशीही बोलणं बंद. खांद्यावर कुदळ घेऊन काका वळले, की दांडा एकाच्या हद्दीत आणि पातं दुसऱ्याच्या. त्यावरून एकदा डोकी फुटायची वेळ आली, तेव्हा काकांनी कानाला खडा लावला. शेतात जाताना सरळ जायचं, येताना उलट पावली यायचं, वळायचं म्हणून नाही. ही सवय पुढे इतकी अंगात मुरली, की स्वयंपाकघरातूनही ते पाठमोरेच बाहेर पडू लागले.

"अहो, शेत शेतात राहू द्या," काकू चहाची सांडलवंड पुसत म्हणायच्या.

यंदा गुडघे कुरकुरायला लागले आणि काकांना वाटणीचा घोर लागला. मुलगी आणि मुलगा, दोघंही शहरात नोकरीला. आपल्या माघारी भांडण नको, म्हणून काकांनी त्यांना बोलावून घेतलं, रस्त्याच्या टोकाला मधोमध खुंटी ठोकली, दोघांना दोन बाजूंना उभं केलं आणि दोरी घेऊन ते विहिरीकडे गेले.

तिथे दुसरी खुंटी ठोकताना मागून आवाज चढलेले ऐकू आले. शब्द कळत नव्हते, पण भांडण होतं, अगदी कडाकडा. काकांना आभाळ ठेंगणं झालं. भांडतायत! म्हणजे जीव आहे पोरांचा मातीवर! ते लगबगीने पाठमोरे निघाले.

जवळ आल्यावर शब्द कळले.

"ताई, तूच घे ना सगळं."

"मी का? थोरली म्हणून सगळं माझ्याच गळ्यात? तू घे!"

"मला नको. फुकट दिलं तरी नको."

दोघांना बापाची पाठ अगदी जवळ आलेली दिसली. मग मुलगी एका बाजूने हळूच बाहेर सरकली, मुलगा दुसऱ्या बाजूने. मध्ये काका एकटे उभे राहिले. त्यांना रडू फुटलं. एवढीशी ती पट्टी, पण एका माणसाला फारच रुंद होती.