राख लावलेला गड्डा

शांताकाकूंच्या दारातून कुणी रिकाम्या हातानं परत जात नसे. पिठलं केलं की वाटी आमच्याकडे, कुणाला ताप आला की पेज त्याच्या उशाशी. रायपूरच्या रेल्वे कॉलनीत आमची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून होती, तेव्हा हे मी खाल्ल्या मिठाला जागून लिहिते आहे. पण पांढऱ्या कर्दळीचं नाव काढलं की याच बाईची मूठ अशी आवळायची की आत मुंगी शिरू नये.

लाल-पिवळी कर्दळ काय, स्टेशनापासून नाल्यापर्यंत कुठंही उगवते, तिला विचारतो कोण? काकूंच्या न्हाणीमागची कर्दळ वेगळी होती. कळी फिकट पिवळसर, उमललेलं फूल साईच्या रंगाचं आणि ऊन चढलं की पांढरंशुभ्र. त्यांचे सासरे लहानूजी गोंदियाला रेल्वेत खलाशी म्हणून मजुरीला होते. तिथल्या एका जुन्या बंगल्याच्या बागेतला गड्डा त्यांनी बदलीच्या वेळी ओल्या पोत्यात गुंडाळून इथं आणला. पुढे म्हातारा गेला, बंगला पडला आणि ती जात आमच्या माहितीत फक्त काकूंच्या न्हाणीच्या पाण्यावर उरली.

बुद्धपौर्णिमेला काकू पांढरी साडी नेसून ती फुलं विहारात न्यायच्या. कर्दळीचं फूल भारी नाजूक, म्हणून वंदनेच्या अगदी आधी तोडायचं. मूर्तीपुढे ताट ठेवलं की बायका म्हणायच्या, "आली शांताबाईची फुलं." या एका वाक्यावर काकू वर्षभर जगत होत्या म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

भीमाबाई त्यांची जिवाभावाची मैत्रीण, पलीकडच्या क्वार्टरातली. कॉलनीतलं प्रत्येक बाळ भीमाबाईंच्या पसरलेल्या पायांवर न्हालेलं. काकूंचा गौतम न्हाला, माझा थोरलाही न्हाला. तेल लावायला त्यांनी बाळाला हात लावला की रडणं थांबायचं. अशा बाईनं, लेक यशदीपच्या लग्नानंतर बीरगावच्या नव्या घरी राहायला जाताना, पांढऱ्या कर्दळीचा गड्डा मागितला. तिला नाही कसं म्हणायचं? आणि द्यायचा तरी कसा?

काकूंनी मधला मार्ग काढला. कर्दळीच्या गड्ड्यावर गुलाबी, टोकदार डोळे असतात, कोंब तिथूनच फुटतो. काकूंनी ते अंगठ्याच्या नखानं खुडले, जखमांवर राख चोळली आणि गड्डा दिला. राख लावली की गड्डा सडत नाही हे सगळ्यांनाच ठाऊक, त्यामुळे संशय कशाला येईल? भीमाबाईंनी तो बीरगावला लावला, पाणी घातलं, वाट पाहिली. पुढच्या पावसाळ्याआधी पुन्हा मागितला. काकूंनी पुन्हा तसाच दिला. असं तीन-चार पावसाळे चाललं. मग भीमाबाईंनी मागणं सोडलं आणि काकूंना हायसं वाटलं.

हे मला कळलं ते फार उशिरा. मंत्रालय नव्या रायपुरात गेलं, गौतमची नोकरी तिथंच, त्याला वरच्या मजल्यावर क्वार्टर मिळालं आणि काकूही त्याच्याकडे जायच्या ठरल्या. तिथले रस्ते एवढे रुंद की समोरच्याला हाक ऐकू जात नाही, आणि गॅलरीत उन्हाचा कवडसा नाही. काकूंनी एक गड्डा कुंडीत लावून पाहिला, तो कुजला. इकडे जुन्या क्वार्टरात येणारा माणूस न्हाणीमागं फरशी घालणार होता. आता जात वाचवायची तर कुणाच्या तरी मातीत घालायला हवी होती.

"भीमाले देतो," काकू म्हणाल्या. "तिच्याकडं जागा हाय."

मी त्यांना स्कूटीवर मागं बसवून बीरगावला निघाले. वाटेत रेल्वे फाटक बंद होतं. तिथं काकूंना एकाएकी हसू फुटलं.

"यंदा भीमाले खरा गड्डा भेटते वं," त्या म्हणाल्या आणि डोळे खुडायची सगळी हकीकत सांगून मोकळ्या झाल्या. "गड्डाच तं होता. सोनं थोडीच होतं!"

मला रागच आला. फाटक उघडताच मी स्कूटी जोरात काढली. मैत्रिणीला सरळ नाही म्हणायची हिंमत नाही, आणि वर हसायचं!

भीमाबाईंचं अंगण लख्ख झाडलेलं होतं, पण त्यात एकही झाड नव्हतं. साधी कुंडीसुद्धा नव्हती. आम्हाला पाहून त्या हरखल्या, चहा केला. काकूंनी पिशवीतून राख लावलेला जाडजूड गड्डा काढून पुढे केला.

भीमाबाईंनी हात मागं घेतले. "मले नको बाई."

"काहून?"

"माह्या हातानं मरते. तुह्याकडची शेवटची जात, अन् मी मारू काय?"

"असं कुठं असते का?" काकू म्हणाल्या. "आपन असलं मानतो का?"

"मीबी नव्हती मानत. पन दरसाल तू चांगला गड्डा देत होती, अन् माह्या हातात तो सडत होता. मग मी पपई लावली, तेबी गेली. आपलेच हात हायेत, मले दिसत नाई का?" भीमाबाईंनी तळवे उलटे करून पाहिले. "म्हनून तं तेलपानी सोडलं मी. दुसऱ्याचं लेकरू, कशाला जोखीम?"

काकूंनी कपबशी खाली ठेवली. कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं की भीमाबाईंनी बाळं न्हाऊ घालणं सोडलं. गुडघे दुखतात, असंच त्या सांगायच्या.

"अन् तुही दीक्षा?" काकूंनी विचारलं. दीक्षा म्हणजे यशदीपची मुलगी, तेव्हा तिसरीत होती.

"तिले न्हाऊ घालाले बाई लावली होती. मी दारातून पाहत होती."

यावर काकूंनी पिशवी जवळ ओढली. मला वाटलं, आता उठतील आणि घरी चला म्हणतील. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यांना पळवाट सापडली असती.

"भीमा," त्या म्हणाल्या, "तुह्या हाताले काई नाई झालं. मी डोळे काढून देत होती. नखानं. वरतून राख लावत होती."

"कोनते डोळे?"

"गड्ड्याचे. उगवू नये म्हनून."

"दरसाल?"

"हव. दरसाल." काकूंचा चेहरा शरमेनं काळवंडला होता. हात जोडायला गेल्या, पण हातात गड्डा होता. "मले वाटलं, सगळ्याइकडं झालं तं माही फुलं कोन पाहीन?"

भीमाबाई भांडल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर काकूंना तेवढाच आधार झाला असता. त्या नुसत्या आपल्या तळव्यांकडे पाहत बसल्या. मग आत तोंड करून हाक मारली, "दीक्षा! तेलाची शिशी आन वं, डोक्याले तेल लावतो."

दीक्षा शिशी घेऊन दारात आली आणि तिथंच थबकली. "दादी, आप लगाओगी? आप तो कभी नहीं लगातीं."

"आज लावतो. बस इथं."

पोरगी पुढ्यात बसली. भीमाबाईंनी तळहातावर तेल घेतलं. हात आधी हवेतच थांबला, मग केसांवर टेकला आणि मग दोन्ही हात भराभर चालायला लागले. पोरगी "धीरे, दादी" म्हणाली आणि भीमाबाईंच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. काकू उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांना कुणी बस म्हणालं नाही आणि जा असंही म्हणालं नाही.

"जातो मी," शेवटी काकूच म्हणाल्या. "गड्डा ठेवून जाऊ का?"

भीमाबाईंनी मान वर केली नाही. "आधी नळावर धू त्याले. राख काढ. मले डोळे दिसले पायजेत."

काकू नळाशी उकिडव्या बसल्या. गड्डा चोळचोळून धुतला, नखं लागू नयेत म्हणून बोटांच्या पेरांनी. मग जेवायच्या आधी मूल हात धुऊन दाखवतं, तसा तो ओला गड्डा त्यांनी भीमाबाईंसमोर धरला आणि त्या बघतील तोवर तसाच धरून उभ्या राहिल्या.